उठलं की फाउल

वडाळ्याच्या शाळेतला हॉल, रविवार, सकाळचे सात.
भिंतीला टेकवून ठेवलेत पाय, रांगेत:
जसिंताचा, शबिस्ताचा, माझा.
माझ्यावर मोजा आणि बूट तसाच.
वॉचमन पहिल्यांदा बघून दचकला होता,
आता लक्ष ठेवतो त्यांच्यावर
देवळाबाहेरच्या चपलांवर ठेवावं तसं.

फरशीवर बसायचं. बसल्या उंचीचं नेट.
व्हॉलीबॉलच, पण एक नियम अवघड:
चेंडूला हात लागेल त्या क्षणी
बूड जमिनीला हवं.
उठलं की फाउल.

पहिल्या दिवशी मी हसतच सुटले.
परळच्या इस्पितळातून घरी आणल्यापासून
मामा, शेजारी, बँकेतला साहेब,
सगळ्यांचं एकच:
पायावर उभी राहा, पायावर उभी राहा.
अकरा वर्षं.
आणि इथे तावडेबाई शिट्टी फुंकून ओरडतायत,
"उठू नकोस गं!"

फरशी तळहातांनी ओलांडायची असते.
घट्टे पडले. आई म्हणाली,
जात्यावर बसतेस की काय तिथे?

पहिला महिना मी फक्त सॉरी म्हणत होते.
चेंडू नेटमध्ये, सॉरी.
शबिस्ताच्या कपाळावर, सॉरी.
चेंडू माझ्याकडे आलाच नाही, तरी सॉरी.
शेवटी जसिंता, मरोळची, जिभेला मिरची लावलेली,
म्हणाली, "अगो बाय, खेळ हाय हा, माफीनामा नाय.
चेंडू आला की बोंबलायचं, माझा!
नाय बोंबललीस तर दोघींची डोकी फुटतील."

माझा.
घरात शेवटची पोळीसुद्धा
कधी माझी म्हटली नव्हती.
खिडकी, पंखा, रिमोट, चालून आलेलं स्थळ,
नको, असू दे, तुम्ही घ्या.
शब्द घशातून निघेना.
निघाला तेव्हा फुटक्या पिपाणीसारखा,
पण निघाला,
आणि पाच जणी बाजूला सरकल्या
मला जागा करून.

मारला.
बाहेर गेला. गुण त्यांना.
तरी पाचही जणी सरकत आल्या
आणि टाळी देऊन गेल्या,
चुकलेल्या चेंडूची.

दहाला पाय लावून निघालो.
बसमध्ये राखीव सीटवर एक इस्त्रीचा शर्ट,
मोबाइलमध्ये बुडालेला.
एरवी मी दांडा धरून स्टॉप मोजते.
आज तोंडातून आपोआप गेलं,
हॉलभर ऐकू जावं एवढ्यानं:
माझी!

तो उठला.
मी बसले, नियमात.
तळहात अजून चुरचुरत होते.