विरी

फुरसुंगीच्या शेडमध्ये पहिल्याच दिवशी
हाजराबीने हातात काडेपेटी दिली.
म्हणाली, शिवणीच्या आतला धागा ओढ,
बाहेरचा खोटं बोलतो.
आता लाव काडी. डोळे मीट.

जळक्या वहीचा वास आला तर सूत.
केस जळल्यासारखा आला तर लोकर, नाहीतर रेशीम.
रेशीम आपल्याकडे येत नाही,
आलंच तर मला हाक मार.
आणि गोडूस वास येऊन टोकाला काळा मणी धरला
तर पॉलिस्टर.
तो मणी नखाने फुटत नाही. नादी लागू नकोस.

तिचे वडील पिंजारी.
नाना पेठेत खांद्यावर कमान टाकून फिरायचे,
तांत वाजली की बायका गाद्या घेऊन ओट्यावर.
आता ते काम यंत्राच्या दातांकडे.
कापड आत जातं, पलीकडून भुसकट कापूस पडतो.
हाजराबीचं म्हणणं एवढंच, की याला सूर नाही.

गाठोडी सोडायची.
लक्ष्मी रस्त्याच्या टेलरांची कातरण,
हॉटेलांच्या चादरी,
भोसरीचे निळे शर्ट, खिशावर
कधीच बंद पडलेल्या कंपनीचं नाव,
शाळेचे हिरवे स्कर्ट, पट्टीच्या आत शाईने
इरा केळकर, चौथी ब.
आम्ही बटणं काढतो, चेन काढतो, हूक काढतो.
इरा केळकरलाही काढतो.
मग रंगांचे ढीग. निळ्यात निळं, मरूनमध्ये मरून.
पुन्हा रंगवायला नको, मालक सांगतो,
केवढं पाणी वाचतं.

मध्ये त्याने पिस्तुलासारखं एक यंत्र आणलं.
कपड्याला टेकवलं की आकडा दाखवतं,
सूत इतके टक्के, पॉलिस्टर इतके.
हाजराबी काही बोलली नाही.
काडी ओढली, वास घेतला, आणि यंत्राआधी आकडा सांगितला.
दोनचा फरक पडला.
दोन टक्के तुमच्या यंत्राला चहाला, म्हणाली.

मी एकदा विचारलं, असं किती वेळा फाडायचं, किती वेळा कातायचं?
तिने चिमूटभर तंतू उजेडात धरला.
दरवेळी आखूड होतो, द्वारके.
जुन्या ज्वारीच्या पिठाची विरी जाते,
भाकरी थापताना कडा चिरतात,
मग तू काय करतेस?
मूठभर ताजं पीठ घालते.
तेच. इथं नवा कापूस घालतात.
जुनं फेकून कोण देतं.

श्रावणात खडकवासल्यातून पाणी सोडलं.
पुलाची वाडी. रात्री अडीच.
भांडी तरंगत दाराबाहेर गेली, आम्ही त्यांच्या मागे.
महापालिकेच्या शाळेत बाकं भिंतीला लावलेली,
सकाळी टेम्पो आला, फोटो काढणारा आला,
घरटी दोन ब्लँकेटं.

लांबून राखाडी.
अंगावर घेतल्यावर बघितलं तर राखाडी नव्हतंच ते.
निळं होतं, मरून होतं, खाकी,
आणि मधूनच एक हिरवी कूस,
त्या स्कर्टांसारखी. तेच असं मी म्हणत नाही.
हिरवे पुष्कळ असतात.

सवयीने काठाचा धागा ओढला.
बोटभर आला आणि तुटला.
शेजारच्या शकूकडे काडेपेटी मागितली,
ओलीच होती, दोन काड्यांचं गुल गळून पडलं,
तिसरी घासायला तिने दिली नाही,
स्टोव्ह पेटवायला राहू दे म्हणाली.
तसाच नाकाशी धरला.
धूळ, वंगणतेल,
दुपारी चारचा आमच्या शेडचा वास.

पाच दिवसांनी कामावर गेले तेव्हा
हाजराबीला सगळं सांगितलं.
ऊब होती का त्यात?
टोचत होतं, म्हटलं.
टोचत होतं ना? मग थोडी लोकर असणार,
असं म्हणून तिने पायाने पुढचं गाठोडं
माझ्याकडे सरकवलं.