साडेपाचची शिकवणी

नळीत शेपूट घालून सरळ करणाऱ्यांपैकी मी नव्हे,
हे मी फोनवरच सांगून टाकते.
तासाचे दीडशे झ्वोटी, पहिली भेट धरून.
खिशात वाळवलेली कलेजी असते. तिचा वास
कोटाला, पाकिटाला, माझ्या उशीलाही येतो.
कुरकुर करायला घरी कुणी नाही.

वूच शहर, नोव्हेंबर. बंद पडलेल्या सूतगिरणीमागे
चौथ्या मजल्यावर इग्नात्सी व्होयनार,
ट्रामचे रूळ तपासायचे, आता निवृत्त.
दार त्यांनी उघडलं; कुत्रा उठला नाही.
नाव कलाफ्योर, म्हणजे फ्लॉवर.
‘कानांमुळे,’ ते म्हणाले, आणि लगेच,
‘नाव मी नाही ठेवलं.’

काय तक्रार आहे?
चावतो? नाही. भुंकतो? नाही.
चपला कुरतडतो? ‘कुरतडल्या असत्या तर बरं.’
मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं.
पाच वाजून वीस मिनिटं.
कलाफ्योर उठला, अंग ताणलं,
दारापाशी जाऊन बसला
पुढचे पाय जुळवून, नाक फटीला लावून.
साडेपाच. पावणेसहा. सात.
जिन्यात शेजारणीची पावलं वाजली की कान वर,
ओळख पटली नाही की खाली.

‘चौदा महिने झाले. बोगुमिला रॉटरडॅमला असते.
मेलेली नाही, गैरसमज नको.
चांगली आहे. तिकडे सायकल घेतली तिने.
हे एवढं बंद करून द्या.’

माझी पंचाईत अशी, की
लोक मला पैसे देतात ते नेमके याचेच.
‘थांब’ शिकवायला सहा आठवडे लागतात:
आधी एक पाऊल मागे, मग दोन, मग खोलीबाहेर,
मग दाराआड उभं राहून श्वास मोजायचे.
हा तर माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांच्या पुढे गेलेला.
थांबलेल्याला सोडवायचा एक शब्द असतो.
ज्याने थांबवलं त्यानेच तो उच्चारायचा असतो,
आणि ती जाताना घाईत होती.

फोनवरून म्हणेल का ती? मी विचारलं.
ते स्वयंपाकघरात गेले, किटली भरली,
भरलेली किटली पुन्हा नळाखाली धरली.

मग मी दुसरा धडा काढला.
उद्यापासून सव्वापाचला तुम्ही कोट घाला.
मागच्या जिन्याने उतरा, चौकाला वळसा घाला,
बरोबर साडेपाचला पुढच्या दाराने या. बेल वाजवा.
‘माझ्याच घराची?’
तुमच्याच. आणि रिकाम्या हाताने नको.

पहिल्या आठवड्यात कुत्र्याने
त्यांच्या पायांमधून मागच्या जिन्याकडे पाहिलं.
दुसऱ्यात कलेजी घेतली, पण तोंड फिरवून,
रुसलेला पाहुणा लग्नात विडा घेतो तशी.
तिसऱ्यात बर्फ पडला. मी म्हटलं, आज राहू द्या.
ते मफलर गुंडाळत होते.
‘वेळ चुकवून कसं चालेल? तो वाट पाहतो.’

मी वही घेऊन आत थांबले.
पाच एकोणतीस. जिन्यात जड पावलं,
दुसऱ्या मजल्यावर दम खायला थबकलेली.
कलाफ्योरचा एक कान वर गेला.
दुसरा तसाच राहिला.
बेल वाजली, मग कुलपात किल्ली.
शेपटी जमिनीवर एकदा आपटली. बऱ्याच वेळाने आणखी एकदा.

व्होयनार उंबऱ्यात उभे, भुवयांवर बर्फ,
मुठीत कलेजीचा तुकडा,
आणि कुणीतरी काहीतरी म्हणावं अशा चेहऱ्याने
ते कुत्र्याकडे नाही, घराकडे बघत होते.

वहीत मी ‘एक कान’ एवढंच लिहिलं, तारीख घातली.
पैसे मोजून घेतले.

परतीच्या ट्राममध्ये एक म्हातारी, पिशवीत डॅशहंड.
त्याने माझ्या खिशाकडे मान वळवली
ती तीन थांबे हलवली नाही.
‘ओळखतो वाटतं तुम्हाला,’ बाई म्हणाल्या.
नाही, मी म्हटलं.
माझा थांबा येऊन गेला. मी उठले नाही.