शून्यावर

दिवा लागतो. पंखा फिरतो.
आत हात घातला तर
एप्रिलमधल्या ऐरोलीइतकीच ऊब,
त्याहून अंशभर जास्त नाही.

"बाबा, बघता का जरा," मृण्मयी म्हणाली.
कोपरापर्यंत मैदा,
आणि आठव्या मजल्यावरच्या नायरबाईंचे चाळीस कपकेक
साडेसहाला पोचवायचे.

बघता का जरा!
एकतीस वर्षं रबाळ्याच्या भट्टीखात्यात
दुसरं काय बघितलं मी?
तिथे गिअर लाल होऊन बाहेर यायचे.
घणसोलीचा गोवारी तर काट्याकडे पाहायचाच नाही,
म्हणायचा, पिकलं तोंडलं फोडलं की आत दिसतो ना,
तो रंग आला की काढा.
आणि काटा पाहावा तर आठशे साठ.
त्या भट्टीपुढे हा पांढरा डबा,
एकशेऐंशीलाच नाही म्हणतो.

मेन बंद केला.
परत जाऊन पाहिलं, बंदच आहे ना.
ही सवय पाटोळेच्या हातापासूनची,
त्यावर मी बोलत नाही.

ओट्याखालून खेचला, पेपर अंथरला,
मागच्या पत्र्याचे अकरा स्क्रू आमटीच्या वाटीत.
मीटर तो जुनाच,
कंपनी बंद पडली तेव्हा माझ्या पिशवीत राहून गेलेला.
हिशेब त्यांनीही पुरता दिला नव्हता.

वरची कॉइल: अठ्ठेचाळीस ओहम. ठणठणीत.
खालची: बावन्न. वयाच्या मानाने उत्तम.
फ्यूजने बीप दिला.
थर्मोस्टॅट फिरवला, टक्‌ करून बोलला.
टर्मिनलवर खाडीच्या हवेचा हिरवट थर,
तोही घासून काढला.
एकेकाला एकटं गाठून विचारलं,
जो तो म्हणाला, मी बरा आहे.
मग सगळं मिळून गार का,
हे विचारायची रेंज मीटरवर नसते.

पावणेपाच.
मृण्मयी दारात दोनदा येऊन गेली.
किती वेळ, असं विचारलं नाही.
मुलगा दम्मामला गेल्यापासून
आम्ही दोघं एकमेकांना
फारसं काही विचारत नाही.
तिसऱ्यांदा आली ती चहा घेऊन,
कप पेपरच्या कडेला ठेवला,
वाटीपासून लांब.

सगळं परत जोडलं. दहा स्क्रू बसले.
अकरावा कुठला, देव जाणे.
मग गुडघ्यांवर बसलो, समोरून.
दुपारपासून पहिल्यांदा समोरून.

तीन बटणं.
पहिलं बरोबर, दुसरं बरोबर.
तिसरं वेळेचं,
त्याची खूण शून्यावर.

कुणी वेळच दिला नव्हता त्याला.
वेळ नसला तरी तो दिवा लावतो,
पंखा फिरवतो, सगळं करतो,
फक्त तापत नाही.

बटणाच्या कडेला जॅमची बोटं उमटलेली,
निमिषच्या, साडेतीन वर्षांच्या, उंचीवर.

चाळीस मिनिटांवर फिरवलं.
टिकटिक सुरू झाली.
आधी जळक्या धुळीचा वास,
मग काचेच्या आड
हळूच, वरच्या कॉइलला,
गोवारीच्या तोंडल्याचा रंग.

"काय झालं होतं?"
"एक वायर ढिली होती."
"असेल," मृण्मयी म्हणाली,
आणि पहिला ट्रे आत सरकवला.

नायरबाईंना सात वाजले. त्या काही बोलल्या नाहीत,
किंवा बोलल्या असतील,
मला कुणी सांगितलं नाही.

सकाळी पाणी प्यायला उठलो
तर तिसऱ्या बटणाशी, शून्याला लागून,
नेलपॉलिशचा लाल ठिपका.
माझ्या चष्म्याला चुकणार नाही
एवढा मोठा.

आणि ओट्यावर, उपड्या वाटीच्या बुडावर,
अकरावा स्क्रू,
धुऊन, पुसून ठेवलेला.