गाळ

उद्यमनगरात, शटर अर्धं ओढून,
शिकलगारांच्या लेथशेजारी तीन बाटल्या:
त्रेसष्ट, सत्त्याहत्तर, चौऱ्याण्णव.
पोर्तुगालला पंपाच्या बॉड्या पाठवणारा भाचा
खेपेला एक आणतो, मोज्यात गुंडाळून.

कालपासून उभ्या ठेवल्या होत्या, गाळ बसावा म्हणून.
बूच तुकड्यांत निघालं. आवटींनी मलमलीतून
असं ओतलं, जसं साच्यात लोखंड ओतायचे:
धार तुटू न देता, मळी मागं ठेवून.

"त्रेसष्टला तोड नाही," आवटी म्हणाले,
"जुनं शिसवी कपाट उघडल्यागत."
शिकलगार सत्त्याहत्तरवर अडून.
त्या साली त्यांनी पहिली भट्टी पेटवलेली,
चव कुठली, ते धुराचीच बाजू घेत होते.

मला विचारलं. त्रेसष्ट, म्हणालो.

खरं तर चौऱ्याण्णव.
कोवळी, उर्मट, चिकट;
वडणग्याच्या गुऱ्हाळात काहिलीकाठी
बोट भाजून चाखलेल्या काकवीसारखी.

"ही अजून तीस वर्षं ठेवा," आवटी म्हणाले, "मुरेल."
आम्हा तिघांच्या वयांची बेरीज दोनशे एकोणीस.
कोणी हसलं नाही.

मलमल धुवायची पाळी माझी.
तळहातावर थोडा गाळ राहिला.
चाटला.
साल कळलं नाही.