चुना

मी पागेतला मोतद्दार. माझं नाव राहू द्या,
घोड्यांची विचारा, ती अजून आठवतात.

माळेगावच्या जत्रेत, मार्गशीर्षातल्या गारठ्यात
कंधारच्या देशमुखांची राहुटी पडली.
राहुटीला कनात, कनातीला फट,
फटीतून दुर्पदाबाईंचा उजवा हात.
जगाला तेवढाच दिसायचा.
एक बांगडी. अंगठ्यावर शिंगराच्या चाव्याचा जुना वण.
तो हात जबड्यात जायचा, दात मोजायचा,
गुडघ्यामागची शीर चाचपायचा,
अन् आडून आवाज यायचा,
"नऊ वर्षांचं आहे. पाच कशाला सांगतो रे?"
भल्याभल्यांची पागोटी तिथं सैल झाली.

तिसऱ्या दिवशी सटवाजी आला.
कपाळाला भंडारा, कानात उसनी भिकबाळी,
हाती पंचकल्याणी: चारी पाय पांढरे, तोंडावर पट्टा.
दीडशे रुपये.
वर म्हणतो, "बाईसाहेब, याला विकायचं म्हणून रात्रभर रडलो."
हात खाली गेला. खुरापाशी थांबला.
आत गेला, अंगठा ओला करून परत आला,
पांढऱ्या पायावर एकदा फिरला.
चुना.

मी चाबूक उचलला. शिपाई सरकले.
"डिंक कमी पडला याचा," आतून आवाज.
"दीडशे देऊन टाका.
घोडं चाळीसचं आहे. बाकीचे हाताचे."
जन्मात पहिल्यांदा सटवाजीला खोटं सुचलं नाही.
तोबरा बघावा तसा
तो त्या अंगठ्याकडं बघत राहिला.

माघात बाईंचं लग्न होतं.
औशाकडचे राजे, वय साठ, राण्या दोन.
"दात किती?" बाईंनी भटजींना विचारलं.
"घोडं असतं तर फुकटही घेतलं नसतं."
माडीवर कुणी हसलं नाही.
मी पागेत येऊन हसलो.

मग रात्री. मागची भिंत. सटवाजीच्या पाठीवर गाठोडं,
हिरडा, हिराकस, मडकं.
मी दिवटी धरायचो, दुसरीकडं बघायचो,
कान मात्र माझेच होते.
"थोडा बिब्बा घालू?"
"कातडी सोलंल तिची, गाढवा."
"मग काजळ द्या तुमच्या डोळ्यांतलं."
ओला कुंचा भिंतीवर आपटल्याचा आवाज.
पागेत कनात नव्हती.
बाई कोपरापर्यंत काळ्या, नाकावर एक डाग.
तो म्हणाला, "हा पुसू नका."
बाईंनी पुसला नाही.

पांढरीफेक चांदणी त्या पहाटे काळी होऊन
वेशीतून गेली, मन्याडच्या अंगानं.
वर पगडीतला एक स्वार, लगाम धरून एक उघडा बोडका.
पहारेकऱ्यानं जांभई दिली.
माडीवर दासी दाराशी बसली:
बाईंना गोवर उठलाय, कुणी जाऊ नका.
अन् चांदणीच्या ठाणावर
एक म्हातारं तट्टू, चुन्यानं न्हालेलं.
या वेळी डिंक पुरता होता.
मी खरारा हलक्या हातानं केला. जवळजवळ केलाच नाही.

चौथ्या दिवशी देशमुख स्वतः आले.
नेहमीसारखा मानेवर हात ठेवला. थोपटलं.
तट्टूनं घाबरून पाय आखडले. चांदणी कधी आखडायची नाही.
देशमुखांनी अंगठा जिभेला लावला.
लेकीची खोड कुणाकडून आली ते तेव्हा कळलं.
अंगठा बराच वेळ डोळ्यांपुढं धरला.
मी जमिनीकडं बघत माझी मान कुठं पडेल ते ठरवत होतो.
"वाळली रे चांदणी," ते म्हणाले. "दाणा वाढव."
पांढरा अंगठा धोतराला पुसत गेले.

औशाला सांडणीस्वार गेला: गोवर उतरत नाही.
पुढल्या महिन्यात पुन्हा गेला.
वर्षभर उतरला नाही.

पुढच्या मार्गशीर्षात, माळेगावात,
उजाडायच्या आत राहुटीच्या खुंटाला कुणी शिंगरू बांधून गेलं.
सोबत माणूस नाही, किंमत नाही.
चारी पाय पांढरे, तोंडावर पट्टा.
देशमुख म्हणाले, "बघ."
मी अंगठा ओला केला.
घासलं. पुन्हा घासलं.
निघालं नाही.