फक्त डोळे

जानेवारीची रात्र. भीमनाथ पुलाखाली
विश्वामित्री जेमतेम गुडघाभर,
वास मात्र गळ्यापर्यंत.
हर्षिलच्या हातात टॉर्च, माझ्या हातात तक्ता.
प्रकाश हळू फिरवायचा, पाण्याच्या रेषेत.
दोन लाल ठिपके म्हणजे एक मगर.
लांबी कळली तर लिहायची,
नाही कळली तर शेवटचा रकाना:
'फक्त डोळे'.

एकदा टॉर्च जरा वर गेला,
निळ्या ताडपत्रीच्या फटीत शिरला.
माणसांचे डोळे प्रकाशात लाल होत नाहीत.
ते मिचकतात, मग हिशेब करतात:
पोलीस, की पालिका?
हर्षिलने टॉर्च खाली घेतला.
"सॉरी," म्हणाला, कुणाला ते कळलं नाही.

तेवीस मगरी लिहिल्या त्या रात्री.

मग झोपड्यांवर आकडे आले, लाल स्प्रेने.
एकेचाळीस नंबर जशीबेनचा,
तिच्या दारावर मावला नाही म्हणून
चार दारावर, एक पाण्याच्या पिंपावर.
सुशोभीकरणाच्या चित्रात नदी निळी होती,
पायऱ्या होत्या, दिवे होते,
कुत्र्याला फिरवणारी एक बाई होती.
मगर नव्हती. जशीबेनही नव्हती.

कमाटीबागेत हिरवळीवर बसून भांडलो.
हर्षिल म्हणाला, आपला मुद्दा मगर,
माणसं घातली की राजकारण होतं.
तस्नीम कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला.
शेंगा सोलता सोलता म्हणाली,
"मगर पहिल्या अनुसूचीत आहे.
जशीबेन कुठल्या?"
टरफलं उडत राहिली.
माळ्याने येऊन आम्हालाच झापलं,
कचरा करता म्हणून.

निवेदनाखाली पहिली सही माझी.
खंडेराव मार्केटातल्या कचेरीत
आवक-जावकच्या टेबलावर माझे बाबा.
त्यांनी शिक्का मारला. सरळ, नेहमीसारखा.
रात्री आमटी वाढून घेताना एवढंच बोलले,
"गुजराती कच्चं आहे तुझं.
नदी ऱ्हस्व लिहिलीस."

आम्ही पुन्हा मोजायला गेलो, या वेळी दिवसा.
तोच तक्ता. मगर खोडून कुटुंब.
लांबीच्या रकान्यात किती वर्षं राहता ते.
पुरावा नसेल तर काय लिहायचं, यावर पेन अडलं.
जशीबेन वाकून बघत होती, वाचता येत नसताना.
"बेन, मने कया खानामां लखी?"
मी तक्ता उलटा धरला.

मार्चमध्ये कागद आला.
मगरीचं घरटं सापडलंय काठावर,
अंडी फुटेपर्यंत
तिथली माती कुणी हलवायची नाही.
आणि ती माती
एकेचाळीस नंबरच्या मागचीच.

गेल्या दिवाळीत हिची शेळी नेली होती
बहुतेक याच मगरीने.
आता जशीबेन काठी घेऊन बसते,
कुत्री हाकलते, मुंगूस हाकलते,
मगरीपासून वीस पावलांवर.
दोघी एकमेकींकडे बघत नाहीत.
शेजारणी असतात तशा.

पुस्तकात साठ दिवस दिलेत.
मी कॅलेंडरवर उलटे मोजते.
तीन वर्षं प्राणिशास्त्र शिकून
पहिल्यांदाच वाटतंय,
फुटू नयेत.
हर्षिल मातीचं तापमान घेतो,
"थंड आहे," म्हणतो,
"चार दिवस जास्तीचे मिळतील."
म्हणताना बघतो ताडपत्र्यांकडे.

काल रात्री अडीचला फोन.
जशीबेनचा आवाज, घोगरा, दबलेला:
"अंदर बोले छे."
मला माहीत आहे तो आवाज.
कवच फुटण्याआधी पिल्लं आतून हाका मारतात,
आणि आई माती उकरायला लागते.

बाबा जागे झाले. "कोण गं?"
मी चपला शोधत होते.
त्यांनी काही न विचारता
खुंटीवरची टॉर्च काढून दिली.