मूठ

अवसेला आमच्या आळीत ऐरणी गप्प.
एरवी दिवस उजाडल्यापासून ठोक, ठोक, ठोक.
पाहुणे विचारायचे, झोपता कसे तुम्ही?
आम्ही म्हणायचो, थांबलं की जाग येते.

त्या रात्री मंडळाच्या खोलीत घागर निघायची.
अकरा मिस्तऱ्यांनी मिळून घडवलेली,
अकरा हातांचे ठोके तिच्या अंगावर.
बोट फिरवलं तर कळतं
कुठे निवृत्ती मिस्तरींचा घाव संपला
आणि कुठे लहानू डावखुऱ्याचा तिरका सुरू झाला.
पोट मोठं. गळा एका मुठीपुरता.
तळाशी जुन्या धोतराची चौपदरी घडी,
नाणं पडलं तर वाजू नये म्हणून.
अख्ख्या तांबट आळीत
न वाजणारं तेवढं एकच भांडं.

मूठ बंद आत न्यायची, बंदच बाहेर काढायची.
टाकलं की उचललं, ज्याचं त्याला माहीत.
तोवर बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करायचं.
हावरी मूठ गळ्यात अडकते,
एवढीच काय ती राखण.

वडील खजिनदार. मी कंदील धरायचो.
एका अवसेला सगळे गेल्यावर घागर उपडी केली,
घडीवर साडेसात रुपये.
मी म्हटलं, लुटलं कुणीतरी.
वडील नाणी परत आत सोडत म्हणाले,
"लागलं असेल कुणाला.
नाहीतर ठेवलीय कशाला, पाणी भरायला?"

गंगाराम मिस्तरींनी एकदा विषय काढला,
चिठ्ठी लावू, नाव लिहू, चोख होईल.
कुणी वाद घातला नाही.
पुढच्या अवसेला ते भिंतीकडे बघत उभे राहिले
ते सगळे बसले तरी उभेच.
का, ते आम्ही विचारलं नाही.

दामूअण्णा गोदेच्या पुरात माणसं काढताना गेले.
महिन्याने केशरबाई दारात आल्या.
बाईमाणूस मंडळात कधी आलं नव्हतं.
खोलीत खोकलासुद्धा नाही.
मग सगळ्यांत म्हातारे निवृत्ती मिस्तरी
गुडघ्यावर हात टेकून उठले
आणि आधी त्यांनीच भिंतीकडे तोंड फिरवलं.
केशरबाईंचा हात आत गेला.
बांगड्या नव्हत्या, गळ्याशी काही वाजलं नाही.
त्यानंतर वीस वर्षं त्या येत राहिल्या,
पोरगा कमावता झाल्यावरही.

मी खजिनदार झालो तेव्हा कचेरीतून माणूस आला.
देणगीदारांची यादी, लाभार्थ्यांची यादी,
दोन रकाने, सही, शिक्का.
मी रात्रभर बसून लिहिलं :
आत गेलेल्या मुठी, एकतीस.
बाहेर आलेल्या मुठी, एकतीस.
तो हसला. मग हसायचा थांबला.
मंडळाची नोंदणी मात्र झाली नाही.

आता स्टीलच्या राज्यात आम्ही नऊ उरलोय.
माझा विलास सातपूरला कारखान्यात जातो,
म्हणतो, बाबा, फोनवरून पाठवत जा,
अवसेची वाट कशाला, गळ्याची अडचण कशाला?
त्याचं चुकत नाही.
फक्त फोनला भिंतीकडे तोंड फिरवता येत नाही.

त्याच विलासच्या जन्माच्या साली
की बायकोच्या ऑपरेशनच्या,
की दोन्ही वेळा,
की कधीच नाही,
माझी मूठ जड होऊन बाहेर आली असेल.
तुम्हाला सांगणार नाही.
वडिलांचीही आली असेल, मीच कंदील धरला होता,
पण मी बघत होतो भिंतीकडे.

ती भिंत आम्हा सगळ्यांना पाठ आहे.
खिळ्यापासून एक भेग निघते,
खाली येताना जरा डावीकडे वळते,
तिसऱ्या विटेपाशी तिला फाटा फुटतो,
तिथे पोपडा उडालाय, तळहाताएवढा.
गेल्या दिवाळीत कुणीतरी म्हणालं, गिलावा करून घेऊ.
नऊच्या नऊ जण
नको म्हणाले.